भिंतीपलीकडचे मरण

१९९७ सालच्या ६ सप्टेंबरचा तो शनिवार अनेक वाचकांना आठवत असेल. वसईतील आमच्या घरी दूरदर्शन संचासमोर त्या दुपारी आळीतील दहा-बारा माणसे दाटीवाटीने बसली होती. लंडनमध्ये प्रिन्सेस डायनाची अंत्ययात्रा निघाली होती. ३१ ऑगस्टला पॅरिसच्या एका भुयारी मार्गात मोटार अपघातात अवघ्या ३६ व्या वर्षी तिचा अंत झाला होता. शवपेटीवर पांढरी फुले, त्या फुलांत एक पाकीट, पाकिटावर एकच शब्द : ‘मम्मी’. आणि पेटीमागून मान खाली घालून चालणारे तिचे दोन मुलगे, एक १५ वर्षांचा, दुसरा १२ वर्षांचा. आमच्यापैकी कोणीही तिला कधी प्रत्यक्ष पाहिले नव्हते. तरीही घरात हुंदके ऐकू येत होते.

आदल्याच रात्री कलकत्त्यात मदर तेरेसा वयाच्या ८७ व्या वर्षी देवाघरी गेल्या होत्या. पुढे कित्येक दिवस आमच्या धर्मग्रामात एकच तक्रार चाले : जगाने प्रिन्सेससाठी रकानेच्या रकाने भरले, मदरच्या वेळी मात्र हात आखडता घेतला. मला त्या तक्रारीचे नवल वाटे. ज्यांनी १९५२ मध्ये कालीघाटला ‘निर्मल हृदय’ सुरू करून बेवारस मरणाऱ्यांच्या उशाशी बसण्याचे व्रत घेतले, त्यांच्या मृत्यूचे मोजमाप आपण रकान्यांच्या लांबीने करावे! १३ सप्टेंबरला गांधीजींचे व नेहरूंचे पार्थिव ज्या तोफगाड्यावरून नेले होते, त्याच गाड्यावरून मदरची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा कुठे आमचे समाधान झाले.

थोरामोठ्यांसाठी आपण रडतो ते अश्रू खरे की खोटे? संत ऑगस्टीन यांना हा प्रश्न फार पूर्वी पडला होता. ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनाच्या पहिल्याच भागात ते आपल्या शाळकरी वयाविषयी सांगतात. व्हर्जिलच्या महाकाव्यातील कार्थेजची राणी डायडो प्रेमभंगाने प्राण देते. ते वाचून त्यांच्या डोळ्यांना पाणी येई. आपण स्वतः देवापासून दूर राहून आतून मरत आहोत, याबद्दल मात्र एक टिपूसही निघत नसे. पुढे ३८७ साली ओस्तिया येथे त्यांची आई मोनिका वारली. दफनाच्या वेळी त्यांनी अश्रू आवरून धरले आणि नंतर एकांतात ते तिच्यासाठी रडले.

मी पुष्कळ वर्षे या प्रश्नाचे सोपे उत्तर देत असे. दूरच्या माणसासाठी रडणे स्वस्त असते, कारण ते आपल्याकडून काहीच मागत नाही. राखेच्या बुधवारचे तसे नाही. तेथे झावळ्यांची राख कपाळी लावताना धर्मगुरू मातीची आठवण एकेकाला, एकवचनात करून देतात. ‘जगाची अपरिमित हानी झाली’ या वाक्यात मी कुठेच नसतो. राखेच्या त्या वाक्यात माझ्याशिवाय दुसरे कोणी नसते. हे उत्तर मला अजूनही चूक वाटत नाही. पण त्या शनिवारी जे घडले ते त्यात बसत नाही.

त्या दुपारी सर्वांत जास्त रडली ती माझी पत्नी. ती बारा वर्षांची असताना तिची आई गेली. आमच्या लग्नाला तेव्हा अठरा वर्षे झाली होती, पण आईच्या दफनाच्या दिवसाविषयी ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. “मलाही असंच पेटीमागून चालवलं होतं,” एवढेच ती पडद्याकडे पाहत म्हणाली. मग पदराने डोळे पुसून उठली, खुंटीवरची रोझरी घेतली आणि बाहेर गेली.

भिंतीपलीकडे शेजारची मावशी दोन महिने अंथरुणाला खिळून होती. कोणीतरी येऊन सोबत रोझरी म्हणावी, असा निरोप तिने सकाळीच नातवाकरवी धाडला होता. “संध्याकाळी येतो म्हणून सांग,” असे मीच त्या पोराला म्हटले होते.

मी बसून राहिलो. शववाहिनी ऑल्थॉर्पकडे निघाली. लोक दुतर्फा उभे राहून तिच्यावर फुले फेकत होते. समोरच्या काचेवरची फुले बाजूला सारायला चालकाला वायपर चालवावे लागत होते. हे मला अजून स्पष्ट आठवते. संध्याकाळ झाली, रात्र झाली. रविवारी पाहुणे आले. सोमवारी मारियामातेच्या जन्माचा सण. मंगळवारी पहाटे चर्चची मरणघंटा वाजली.

दफनाला मी गेलो, खांदाही दिला. डोळ्यांत पाणी आले नाही.

मावशी त्या दुपारी काय बोलली, हे पत्नीला विचारायचे धैर्य मला बऱ्याच वर्षांनी झाले. २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी आम्ही तिच्या कबरीवर मेणबत्त्या लावत होतो. वारा होता, ज्योत पुन्हा पुन्हा विझत होती. पत्नी म्हणाली, “आपल्या घरातलं रडणं भिंतीतून ऐकू जात होतं तिला. मी आत गेल्या गेल्या विचारलंन, कोण गेलं गं? मी म्हटलं, दोन पोरांची आई गेली. मग पहिली दहाळी तिच्यासाठी म्हणू या, म्हणाली.”