टंचाईचे मोल आणि अगतिकतेचे मोल

पार्किंगच्या प्रश्नावर आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. पहिला म्हणतो, रस्ता काय कोणाच्या बापाचा आहे, गाडी लावायला पैसे कसले? दुसरा सूर अभ्यासूंचा. फुकट पार्किंग हेच शहरांच्या दुखण्याचे मूळ, तेव्हा पैसे लावा आणि सढळ हाताने लावा. मार्च 2018 मध्ये पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरण मंजूर केले, तेव्हा हे दोन्ही सूर टिपेला गेले होते. विरोध इतका झाला की धोरण मोजक्या रस्त्यांपुरते उरले. त्या वादात माझे मत अभ्यासूंच्या बाजूचे होते आणि आजही आहे. म्हणूनच त्या बाजूला अलीकडे जो सैलपणा आला आहे, तो मला खुपतो. कोणीही, कुठेही, कोणाकडूनही गाडीचे पैसे घेतले की ती सुधारणाच, असे आता मानले जाते. आकारणी कशासाठी आणि कोणावर, हे विचारायची गरजच उरलेली नाही.

हा सैलपणा तपासायला फ्लोरिडातले एक उदाहरण फार उपयोगी आहे. योगायोगाने तेही त्याच महिन्यातले. 21 मार्च 2018 पासून वॉल्ट डिस्नी वर्ल्डने आपल्या हॉटेलांत मुक्कामाला येणाऱ्यांकडून रात्रीच्या पार्किंगचे पैसे घ्यायला सुरुवात केली. स्वस्त हॉटेलांत रात्रीला 13 डॉलर, मधल्या दर्जाच्या हॉटेलांत 19, वरच्या दर्जाच्या हॉटेलांत 24. स्वतः गाडी लावायची, स्वतः सामान उतरवायचे, तरीही. ऑक्टोबर 1971 मध्ये कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन या दोन हॉटेलांसह डिस्नी वर्ल्ड सुरू झाले, तेव्हापासून साडेचार दशकांहून अधिक काळ असे शुल्क नव्हते. पुढे दर किंचित वाढले आणि जानेवारी 2023 मध्ये कंपनीने ते रद्द केले. बॉब आयगर पुन्हा कंपनीच्या प्रमुखपदी येऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. रद्द झाल्यावर गिऱ्हाइकाचा विजय म्हणून टाळ्या वाजल्या. दुसरीकडे, हॉटेलात न राहणाऱ्यांना गेटवर अडवले जाते, गजबजलेल्या दिवशी परत पाठवले जाते, यावर नाराजी वाढत गेली. म्हणजे शुल्क गेले याचा आनंद आणि फाटक आले याचे दुःख. माझ्या मते या दोन्ही भावनांचे हिशेब चुकले आहेत.

आधी दोन मते बाजूला ठेवतो. मालमत्ता खासगी आहे, मालक हवे ते करेल, हे पहिले. अमेरिकेने हा प्रश्न वंशभेदाला मनाई करणाऱ्या 1964 च्या नागरी हक्क कायद्याने आणि त्याच वर्षीच्या हार्ट ऑफ अटलांटा मोटेल खटल्याने निकालात काढला आहे. हॉटेल हे मालकाचे घर नव्हे. ‘परवडत नसेल तर जाऊ नका’ हे दुसरे मत. ते कोणत्याही किमतीच्या समर्थनार्थ देता येते, म्हणून कोणत्याही किमतीचे समर्थन करत नाही.

खरा विचार करायला लावणारे मत तिसरे आहे, कारण ते माझ्याच बाजूचे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी 2005 मध्ये फुकट पार्किंगच्या जबर किमतीवर जो ग्रंथ लिहिला, त्याने जगभरच्या नगररचनेची दिशा बदलली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: फुकट पार्किंग कधीच फुकट नसते. त्याचा खर्च भाड्यात, किराण्यात, जेवणाच्या बिलात मुरतो आणि गाडी नसलेलाही तो भरतो. हे पटण्यासारखेच आहे. याच आधारावर सांगितले जाते की डिस्नीने 2018 मध्ये केले ते योग्यच होते. विमानाने येऊन बसने फिरणाऱ्या कुटुंबाने गाडीवाल्याच्या डांबरी पट्ट्याचे पैसे का भरावेत?

युक्तिवाद रेखीव आहे, पण तो त्या हॉटेलांना लागू पडत नाही. का ते एकेक करून पाहू.

शूप यांचा पहिला आग्रह असा की किंमत टंचाईवरून ठरावी. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावर एकदोन जागा मोकळ्या राहतील इतकाच दर हवा, त्याहून कमी नको आणि जास्तही नको. सॅन फ्रान्सिस्कोने 2011 पासून हे प्रत्यक्ष करून पाहिले. गल्लीगणिक आणि वेळेगणिक दर बदलले, गर्दी ओसरली की उतरवलेही. डिस्नीचा दर कशावर ठरला? हॉटेलच्या दर्जावर. तेच डांबर, तेवढेच पट्टे, तेवढीच गाडी. फरक एवढाच की मालक कुठे झोपतो. जागा भरली की रिकामी, याने दरात काही फरक पडत नव्हता. अशा आकड्याने टंचाई मोजली जात नाही, पाहुण्याचा खिसा मोजला जातो.

दुसरा आग्रह असा की पार्किंगचा खर्च भाड्यातून वेगळा काढावा. मात्र वेगळा काढायचा म्हणजे आधी वजा करायचा. ज्याच्याकडे गाडी नाही त्याचे भाडे उतरले, तरच तो इतके दिवस दुसऱ्याचा भार वाहत होता या म्हणण्याला अर्थ. मार्च 2018 मध्ये शुल्काची घोषणा झाली, भाडे उतरल्याची झाली नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये दिल्लीच्या ताज महाल हॉटेलमधून चोरीला गेलेल्या गाडीच्या प्रकरणात हेच तत्त्व दुसऱ्या अंगाने मांडले. पार्किंगचे वेगळे पैसे घेतले नाहीत म्हणून हॉटेलची जबाबदारी संपत नाही, कारण त्या सेवेचा मोबदला खोलीच्या आणि जेवणाच्या दरांतून वसूल झालेलाच असतो. वसूल झालेल्या गोष्टीचे वेगळे बिल लावले की ते दुसऱ्यांदा घेणे होते.

तिसरा मुद्दा मला सर्वांत निर्णायक वाटतो. शुल्काचा हेतू गाड्या कमी करणे हा असता, तर गाडीशिवाय येण्याची सोय वाढायला हवी होती. डिस्नीने 2005 पासून ऑरलँडो विमानतळ ते हॉटेल अशी मोफत बस चालवली होती. बॅगांना चिठ्ठी लावायची आणि त्या थेट खोलीत पोहोचायच्या, इतकी ती सोयीची होती. जानेवारी 2022 मध्ये ती बंद झाली. म्हणजे 2022 हे पूर्ण वर्ष असे गेले की विमानतळावरून न्यायला मोफत बस नाही आणि भाड्याची गाडी घेऊन आलात तर रात्रीचे पैसे वेगळे. ज्याला गाड्या कमी करायच्या आहेत तो बस काढून घेत नाही. शूप यांच्या नावाने या शुल्काची पाठराखण करणाऱ्यांनी या एका वर्षाचे उत्तर द्यावे. मला तरी ते कुठे दिसलेले नाही.

चौथा मुद्दा सवलतींचा. डिस्नी व्हेकेशन क्लबच्या सभासदांना शुल्कातून वगळले होते. फोर्ट वाइल्डरनेस या मुक्कामतळावरच्या तंबूवाल्यांना एका गाडीची मुभा होती. आणि सर्वांत बोलकी गोष्ट अशी की दिवसा येणाऱ्या बाहेरच्या माणसाला स्वतः गाडी लावण्याचे काहीच पैसे नव्हते. कंटेम्पररीच्या पंधराव्या मजल्यावरच्या कॅलिफोर्निया ग्रिलमध्ये जेवायला आणि खिडकीतून आतषबाजी पाहायला आलेला मनुष्य गाडी फुकट लावून जात असे. त्याच इमारतीत शेकडो डॉलर भाड्याची खोली घेतलेले कुटुंब मात्र चार रात्रींचे 96 डॉलर भरत असे. जागेची खरी ओढाताण कोणामुळे होत होती? कंटेम्पररीपासून मॅजिक किंगडम हे थीम पार्क पायी दहा मिनिटांवर आहे. थीम पार्कच्या वाहनतळावर दिवसाचे पैसे पडतात, ऑक्टोबर 2023 मध्ये ते 30 डॉलर झाले. ते वाचवायला हॉटेलच्या आवारात गाडी लावून चालत जायचा मोह बाहेरच्याला होतो. मुक्कामी पाहुण्याला तो होण्याचे कारणच नाही, कारण थीम पार्कचे पार्किंग त्याला मोफत असते. म्हणजे टंचाई निर्माण करणारा सुटला आणि जो कुठे जाऊ शकत नाही तो भरत राहिला.

माझा सगळा आग्रह याच फरकासाठी आहे. एक मोल टंचाईचे असते, एक अगतिकतेचे. टंचाईचे मोल मी भरतो तेव्हा माझ्यामुळे दुसऱ्या कोणाची जागा जाणार असते, किंवा दुसऱ्याने माघार घेतल्यामुळे मला ती मिळणार असते. अगतिकतेचे मोल मी भरतो ते केवळ माझ्यापुढे दुसरा मार्ग नसतो म्हणून. विमानाची तिकिटे काढली, खोलीचे पैसे भरले, मुलांना शब्द दिला, वृद्ध आईवडिलांना साता समुद्रापलीकडून बोलावले. त्यांना घेऊन न्यू जर्सीहून किंवा अटलांटाहून गाडीने निघालेली मराठी कुटुंबे आज काही कमी नाहीत. अशा कुटुंबाला स्वागतकक्षात आकडा सांगितला, तर ते हो म्हणते. त्या होकाराला बाजाराचा कौल मानणे मला अप्रामाणिक वाटते.

कसोटी साधी आहे: आकारणी उद्या काढून टाकली तर अडचण कोणाची होईल? दुसऱ्या गाडीवाल्याची होणार असेल तर ती ठेवा. फक्त ताळेबंदाची होणार असेल तर ती किंमत म्हणायच्या लायकीची नाही.

हीच कसोटी फाटकाला लावली की चित्र उलटते. गाडी गेटशी येते, रक्षक ओळखपत्र मागतो, कशासाठी आलात विचारतो, जेवणाचे बुकिंग यादीत शोधतो. काही वेळा ठरावीक तासांची चिठ्ठी काचेआड ठेवायला देतो. नाताळच्या आठवड्यात बुकिंग नसलेल्याला वळायला सांगतो. लोकांना हे अपमानकारक वाटते. मला ते, गाड्यांपुरते, न्याय्य वाटते. तिथे टंचाई खरी आहे आणि अडवणुकीचा लाभ दुसऱ्या गाडीवाल्याला मिळतो. बुकिंग विचारण्यापेक्षा बाहेरच्याकडून तासाप्रमाणे पैसे घेणे अधिक स्वच्छ झाले असते, हेही मी मान्य करतो. शूप यांचा विचार जिथे चपखल बसतो ती हीच जागा, आणि नेमकी तिथेच तो वापरला गेला नाही.

मात्र ‘गाड्यांपुरते’ हा शब्द मी जपून वापरला आहे. वाहनतळ भरतो, लॉबी सहसा भरत नाही. कंटेम्पररीच्या पोटातून मोनोरेल जाते आणि तिच्या बाजूला चित्रकार मेरी ब्लेअर यांच्या संकल्पनेतले फरशांचे प्रचंड भित्तिचित्र उभे आहे. ग्रँड फ्लोरिडियन या डिस्नीच्याच हॉटेलच्या लॉबीत वर्षानुवर्षे नाताळात माणूस आत जाईल एवढे आल्याच्या केकचे घर उभारले गेले. या गोष्टी खोली न घेतलेल्यांनीही पाहाव्यात अशाच मांडलेल्या आहेत. शिवाय 1967 च्या कायद्याने स्थापन झालेल्या रीडी क्रीक जिल्ह्याने, म्हणजे सार्वजनिक अधिकार असलेल्या संस्थेने, या परिसरातले रस्ते बांधले आणि डिस्नी स्प्रिंग्ज या बाजारपेठेची मोफत पार्किंग गॅरेजेसही उभी केली. सार्वजनिक कर्जरोख्यांवर पोसलेल्या परिसरात पायी, बसने किंवा बोटीने आलेल्या माणसाला लॉबीच्या दारात अडवणे या कसोटीवर टिकत नाही. तिथे टंचाईची सबबही उरत नाही.

मग पारदर्शकतेचे काय, असे विचारले जाईल. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाचा नियम 12 मे 2025 पासून लागू आहे. हॉटेलांनी सक्तीची सगळी शुल्के जाहीर दरातच दाखवायची. नियम चांगला आहे, पण पार्किंग सक्तीचे नाही म्हणून ते त्याबाहेर राहू शकते. आणि दाखवले तरी काय साधले? आधी सांगून घेतलेले अगतिकतेचे मोल हे अगतिकतेचेच मोल असते.

2023 च्या माघारीवर मी समाधानी नाही तो यासाठी. कंपनीने शुल्क सोडले, तत्त्व मान्य केले नाही. कॅलिफोर्नियातल्या तिच्याच हॉटेलांत मुक्कामी पाहुणा आजही रात्रीचे पैसे भरतो, युनिव्हर्सल या प्रतिस्पर्धी कंपनीच्या ऑरलँडोतल्या हॉटेलांतही भरतो. उपकार म्हणून सोडलेली वसुली पुढच्या तिमाहीत परत लावता येते. खोपोलीला इमॅजिका थीम पार्कच्या शेजारी 2015 मध्ये हॉटेल उभे राहिले. अशी संकुले आपल्याकडे वाढणार आहेत. त्यांना परवानगी देताना नगररचना खात्याने पार्किंगच्या जागा मोजाव्यातच, पण त्यांचे पैसे कोणाकडून आणि कोणत्या टंचाईपायी घेतले जाणार, हेही लिहून घ्यावे. आणि पार्किंगला किंमत असावी असे मानणाऱ्या आम्ही मंडळींनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. तो आम्ही विचारला नाही, तर रस्त्यावरच्या रास्त शुल्कालाही लोक लूटच म्हणतील, आणि त्यांना खोडून काढायला आमच्याकडे मुद्दा उरणार नाही.