काळी एक

बर्न शहराबाहेर, आरे नदीच्या वरच्या चढावर एक जुना गोठा होता. त्यात आता गुरं नव्हती. तिथे एक म्हातारा कारागीर हँडपॅन घडवायचा. पोलादाच्या दोन उथळ परातींसारख्या वाट्या तो कडेला कडा लावून चिकटवायचा. त्याआधी वरच्या वाटीवर हातोडीनं स्वरांच्या जागा उठवायचा, वाटी भट्टीत तापवायचा, पुन्हा हातोडी धरायचा आणि एकेक जागा सुरात आणायचा. घाईनं केलेलं वाद्य नंतर सूर सोडतं, म्हणून तो घाई करत नसे.

त्याच शहरात कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावची मुलगी नोकरीला होती. तिचे आबा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवत. पुढे त्यांची दोन्ही मनगटं आखडली आणि डॉक्टरांनी जोराची थाप बंद करायला सांगितली. तेव्हापासून एकादशीला मंडळी घरी जमली की पखवाजावर शेजारचा मुलगा बसे आणि आबा भिंतीला टेकून मांडीवर बोटांनी ठेका धरत. आईनं हे फोनवर सांगितलं, तेव्हा मुलगी बराच वेळ काही बोलली नाही.

एका संध्याकाळी तिनं नदीच्या पुलावर एका तरुणाला हँडपॅन वाजवताना पाहिलं. तो बोटं टेकवत होता आणि लगेच उचलत होता. तेवढ्यानं स्वर उमटत होते. त्यात जोराचं काम कुठे दिसत नव्हतं. आबांसाठी हे घ्यायचं, असं तिनं तिथेच ठरवलं. ती पैसे बाजूला टाकू लागली. पुरेसे साठल्यावर एका शनिवारी दुपारी गोठ्याचा चढ चढून गेली.

"काय हवं?" कारागिरानं विचारलं.

"सगळ्यात जास्त स्वरांचा, सगळ्यात गोड आवाजाचा. माझ्या वडलांसाठी."

"आधी ऐक," तो म्हणाला. "किंमत नंतर विचार."

त्यानं पहिला पॅन तिच्या मांडीवर ठेवला. तो नायट्रायडिंग केलेल्या पोलादाचा होता. भट्टीत पोलादाच्या अंगात नायट्रोजन मुरवला की त्याचा पृष्ठभाग कणखर होतो. बोट टेकलं की स्वर चटकन उमटे, उबदार वाटे आणि वेळेवर विरून जाई. दुसरा पॅन स्टेनलेस स्टीलचा होता. त्याची आस लांब होती. मुलीनं एक स्वर छेडला, श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला, तरी तो ऐकू येत होता.

मग कारागिरानं तिला ऐकायचं कसं ते दाखवलं. स्वराची जागा लांबट गोल होती आणि तिच्या मधोमध खळगा होता. लांबीच्या टोकाला त्यानं नखानं टिचकी मारली. वरच्या सप्तकातला तोच स्वर वेगळा होऊन कानी आला. रुंदीच्या बाजूला टिचकी मारली, तर त्याच्याही वरचा पंचम आला.

"एका जागेत तीन स्वर असतात," तो म्हणाला. "मूळ स्वर, त्याच्या दुपटीचा आणि तिपटीचा. तिन्ही नीट मिळाले की आवाजाला गोलाई येते. एक जरी हलला तरी कान कुरकुरतो."

मुलगी पेटीच्या घरात वाढली होती. तिला हे सांगताच कळलं.

"आता एक स्वर वाजव आणि कान त्याच्या शेजाऱ्याकडे दे. न वाजवताही तो गुणगुणतो. ते गुणगुणणं पहिल्याशी जुळतंय का बघ. दोन स्वरांमधल्या कोऱ्या जागेवर टकटक कर, कुठे खरखर येते का बघ. आणि शेवटी अगदी हलक्या बोटानं वाजव. हलक्या बोटाला जो जागा होत नाही, तो तुझ्या वडलांच्या उपयोगाचा नाही."

मुलीनं सगळे पॅन तसे तपासले. तिचं मन एकावर बसलं. नऊ स्वरांचा, नायट्रायडिंगचा, पांढरी दोनच्या पट्टीचा. त्यात आसावरीचे स्वर होते आणि आवाज किंचित उतरलेला, गंभीर होता. कारागिरानं सांगितलं की जगभर वाद्यं मिळवताना एक ठरावीक स्वर सेकंदाला 440 कंपनांवर धरतात. काहींना तो 432 वर आवडतो. मग सगळं वाद्य अर्ध्या स्वराच्या साधारण एक तृतीयांश इतकं खाली येतं. हा पॅन तसा होता.

"हाच," मुलगी म्हणाली.

"हा राहणार कुठे?"

तिनं खाडीचं सांगितलं. घरापासून समुद्र हाकेवर. पावसाळ्यात दाराचे कडीकोयंडे गंजून जात आणि कपाटातल्या कपड्यांनाही ओल लागे.

"यालाही गंज चढतो. खाऱ्या वाऱ्यात रोज पुसून तेलाचा हात द्यावा लागेल."

मुलीला आबांची मनगटं आठवली. तिनं तो पॅन परत ठेवला आणि त्याच स्वरांच्या स्टेनलेसच्या पॅनकडे बोट दाखवलं.

"हा चालेल," कारागीर म्हणाला. "यालाही पुसायला हवंच, पण हा एखादा दिवस सांभाळून घेईल. बरं, वाजणार कोणाबरोबर?"

याचा तिनं विचार केला नव्हता. तिच्या मनात आबा पडवीत एकटे बसून वाजवत होते. तसं सांगायला तिनं तोंड उघडलं आणि ती थांबली. आबांना एकट्यानं पखवाज वाजवताना तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. ते गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत आणि मग त्यांचा हात पडे.

"मंडळींबरोबर," ती म्हणाली.

"मंडळींचा सूर कोणता?"

तिनं दादाला फोन लावला. गावाकडे दिवेलागण झाली होती. दादा माळ्यावरून पेटी काढायला गेला आणि फोन तसाच चालू राहिला. तेवढ्या वेळात कारागीर तिला या वाद्याची गोष्ट सांगू लागला.

त्रिनिदाद बेटावर लोकांनी तेलाच्या पिंपांतून स्टीलपॅन घडवला. तो काठीनं वाजवायचा. बर्नमध्ये फेलिक्स रोनर आणि सबीना शेरर हे दोघं तसे पॅन बनवत. त्यांच्याकडे घटम वाजवणारा एक वादक आला. घटमासारखं हातानं वाजवता येईल असं पोलादाचं काही करा, अशी त्याची मागणी होती. त्यातून 2000 साली त्यांचा हांग तयार झाला आणि 2001 मध्ये फ्रँकफुर्टच्या वाद्यमेळ्यात लोकांनी तो पाहिला. पुढे मागणी इतकी वाढली की हांग हवा असणाऱ्यानं आधी पत्र लिहायचं आणि मग स्वतः बर्नला यायचं, असा रिवाज पडला. 2013 मध्ये त्यांनी तो बनवणं थांबवलं. तोवर इतर कारागीर आपापले पॅन घडवू लागले होते आणि त्यांना हँडपॅन हे नाव पडलं होतं.

"लोक हा एकट्यानं वाजवायला नेतात," कारागीर म्हणाला. "पण तो घटमाच्या ओढीनं जन्मला. आणि घटम तर साथीला बसणारं वाद्य."

फोनमधून दादाची हाक आली. पेटी काढून झाली होती.

"बुवा कुठून गातात रे दादा?"

"काळी एक. दुसरीकडून गातात कुठे?"

"मग तीच दाब. आणि भाता एकसारखा चालू ठेव."

पेटीचा सूर गोठ्यात आला. बारीक, थोडा कापरा. कारागिरानं सूर मोजायचं यंत्र फोनजवळ धरलं आणि पडद्यावरची रेघ स्थिरावेपर्यंत वाट पाहिली. पेटी 440 च्या मापाहून किंचित चढी होती.

"किती जुनी?"

"आजोबांची," मुलगी म्हणाली.

"मग तिला हलवायचं नाही. येणाऱ्यानं तिच्याकडे यावं."

432 चे पॅन त्यानं बाजूला सारले. पांढरी दोनचेही सारले. मग बुवा काय काय गातात ते विचारलं. मुलीनं भूप, यमन, देस, भीमपलास आणि शेवटची भैरवी अशी नावं घेतली. कारागिराला ती ठाऊक नव्हती. "स्वर म्हणून दाखव," तो म्हणाला. ती एकेका रागाचे स्वर म्हणत गेली आणि तो फळीवर खडूनं खुणा करत गेला. खुणा करून झाल्यावर तो जरा मागे सरकला.

"हे पाच बघ. सा, रे, ग, प, ध. तुझ्या पहिल्या तिन्हींत आहेत. चौथ्याला सा आणि प तर नक्की चालतील. नऊ स्वरांच्या त्या पॅनमधले कितीतरी यांच्याशी रोज भांडतील. आणि ते बदलता यायचे नाहीत. यात मींड नाही, पट्टी बदलणं नाही. घडला तो घडला."

"पण मी मोठ्या पॅनचे पैसे साठवलेत," मुलगी म्हणाली. "इतके कमी स्वर? आबांना लहान मुलाचं खेळणं दिल्यासारखं वाटेल."

कारागिरानं नऊ स्वरांचा स्टेनलेसचा पॅन तिच्यापुढे ठेवला. "दादाला पेटी वाजवू दे. तू याच्यावर वाजव."

दादानं भूपातल्या गजराची चाल धरली. मुलगी वाजवू लागली. पट्टी निराळी होतीच. त्यात लांब आसेचे नऊ स्वर एकमेकांत शिरले आणि थोड्याच वेळात पेटी ऐकू येईना. तिनं हात उचलले तरी पॅन बोलतच राहिला. मग कारागिरानं तोच पॅन घेतला. पेटीच्या जवळपास येणारा एकच स्वर निवडून तो गजराच्या समेवर हलकेच टेकवत राहिला. तोही तंतोतंत मिळत नव्हता, पण पेटी पुन्हा ऐकू येऊ लागली.

मुलीनं फोन ठेवला. "पाच स्वरांचा द्या," ती म्हणाली.

"तयार नाही. करावा लागेल. बर्फ वितळलं की ये."

तिच्या हातात पैसे होते आणि फळीवर वाद्यं होती. तरी त्यानं विकलं नाही. पाच स्वरांच्या पॅनला पैसेही कमी लागणार होते, तेही त्यानंच सांगितलं.

वसंतात ती गेली तेव्हा पॅन तयार होता. तेच पाच स्वर, आठ जागांवर: मध्ये खर्जातला सा, भोवती प, ध, सा, रे, ग, प, ध. सूर आजोबांच्या पेटीला मिळवलेला. कारागिरानं पॅन कडक खोक्यात बंद करून दिला आणि बजावलं, "उन्हात ठेवायचा नाही, पाडायचा नाही, वाजवून झाल्यावर हाताचा घाम पुसायचा."

मे महिन्यात मुलगी गावी आली. आबांनी पॅन मांडीवर घेतला आणि सवयीनं थाप दिली. आवाज पिचला. आबांनी हात मागे घेतला. मुलगी काही बोलली नाही. त्यांनी पुन्हा वाजवला, अर्ध्या जोरानं. मग त्याच्याही अर्ध्या जोरानं. आठवडाभरात त्यांचं बोट पोलादावर टेकून लगेच उठायला शिकलं. मनगट दुखलं नाही.

एकादशीला मंडळी जमली. पखवाजावर शेजारचा मुलगा होता. आबा त्याच्या बाजूला बसले, भिंत सोडून. भूपातला अभंग सुरू झाला. पहिल्या ओळीला आबा नुसते ऐकत होते. दुसऱ्या ओळीच्या शेवटी त्यांनी खर्जाचा सा दिला. बुवांनी मान वळवून बघितलं आणि पुढची ओळ जरा सावकाश घेतली. सा विरेपर्यंत थांबायला त्यांना जागा मिळाली होती. भीमपलासात आबांनी दोनच स्वर वाजवले. भैरवीला त्यांनी पॅनवर दोन्ही तळवे ठेवून तो गप्प केला आणि पखवाजावरच्या मुलाला बोटानं ठेका दाखवू लागले. मुलगा त्यांच्याकडे बघून वाजवू लागला.

वाद्य विकत घेताना आपण एकटे ऐकतो आणि वाद्यही एकटंच वाजत असतं. तिथे जे सगळ्यात भरलेलं वाटतं, त्यावर मन बसतं. पण ज्या घरात ते जायचं असतं, ते घर आधीच भरलेलं असतं. तिथे पेटी असते, बुवांचा गळा असतो, शेजारच्या मुलाचा ठेका असतो. मुलीनं आबांना वाद्य आणून दिलं, असं गावात सांगतात, आणि ते खरंच आहे. तरी आबा भिंतीपासून उठून मंडळींत येऊन बसले, ते त्या वाद्यात न घातलेल्या स्वरांमुळे. तेवढी जागा मोकळी होती, म्हणून बाकीच्यांना सरकावं लागलं नाही.

त्या पावसाळ्यात पलीकडच्या वाडीतल्या बुवांनी आबांचा पॅन ऐकला आणि आपल्या मंडळालाही असाच हवा म्हणून निरोप धाडला. ते पांढरी चारमधून गात. मुलीनं कारागिराला तसं कळवलं आणि किती पैसे पाठवू, ते विचारलं. पैशांबद्दल त्यानं काहीच लिहिलं नाही. आधी त्यांच्या पेटीचा सूर ऐकव, एवढंच त्याचं उत्तर आलं.

दादा दुसऱ्या दिवशी फोन खिशात टाकून तरीनं पलीकडे गेला.