गोऱ्या बाळाचा गोठा

नाताळचा गोठा मांडायचा म्हणून बदलापूरहून उल्हासनगरच्या बाजारात गेले. मारिया गुलाबी, जोसेफ गुलाबी, बाळाचे डोळे निळे. सावळा एकच, तीन राजांपैकी एक. वर कापसाचा बर्फ. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी पंखा लागतो. या कापसाची मला दरवर्षी चीड येते.

सावळी मारिया मागितली, तर दुकानदार म्हणाले, "ताई, रंग बदलला तर लोक ओळखणार कसे?"

हेच उत्तर मी चर्चच्या आवारातही ऐकलंय. ओळखणार कसे? विठोबा काळा आहे म्हणून पंढरीच्या दारातून कुणी वारकरी माघारी फिरला का? येशू बेथलेहेमात जन्मलेला ज्यू, सुताराच्या घरात वाढलेला, उन्हातान्हात पायी हिंडलेला. ज्या चेहऱ्याला आपण येशू म्हणून हात जोडतो, तो वॉर्नर सॉलमन या शिकागोच्या चित्रकाराने १९४० साली रंगवला आणि छापखान्यांनी घरोघर पोचवला. आपली ओळख आहे ती त्या छापील तसबिरीशी. तेवढ्यासाठी घरातल्या आईच्या रंगाची मारिया अनोळखी ठरावी?

परंपरेचं म्हणाल, तर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ख्रिस्तपुराण १६१६ साली मराठी ओव्यांत छापलं गेलं. येशू मराठीत आला आणि कुणाला परका वाटला नाही.

रंगाचं धाडस गोव्याच्या अँजेलो द फोन्सेकांनी केलं. शांतिनिकेतनात शिकून आले आणि साडीतली सावळी मारिया रंगवू लागले; पुढे पत्नी आयव्हीच त्यांच्या मारियेचा चेहरा झाली. गोव्यातल्या धर्ममंडळींना ते रुचलं नाही. फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि १९६७ साली पुण्यातच गेले. आज त्यांची चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये जपलेली आहेत. बाजारातल्या गोठ्यात मात्र ती मारिया मला अजून भेटलेली नाही.

माझी सहा वर्षांची भाची चित्र रंगवताना म्हणते, "मावशी, स्किन कलर दे," आणि फिकट गुलाबी खडू उचलते. तो धरलेला तिचा हात गव्हाळ असतो. हे तिला कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही, म्हणून तर मला जास्त लागतं.

शेवटी तोच संच आणला, दुसरा नव्हताच. कापूस तेवढा परत केला. वाटेत लोकलच्या गर्दीत जोसेफच्या नाकाचा टवका उडाला आणि खालची भाजलेली तांबूस माती दिसू लागली. भाचीने रंगाची डबी आणली होती. मी रंगवू दिलं नाही.