वचनमुक्तीचा अधिकार

दिलेले वचन केव्हा संपते, हा प्रश्न व्यवहारात, संसारात आणि धर्मात अशा तिन्ही ठिकाणी उद्भवतो. ऋणकोने लिहून दिलेला लेख, विवाहातील पाणिग्रहण आणि परमेश्वरास अनुसरताना जीवाने केलेला संकल्प ही तिन्ही वचनेच होत. परंतु त्यांची जात एक नव्हे. ती एकच मानली म्हणजे दोन प्रमाद घडतात. एक, धर्माचा बाजार होतो. आणि दुसरा, धर्माच्या नावाखाली दुसऱ्याचे देणे बुडविले जाते. पहिल्या प्रमादाविषयी मार्गात पुष्कळ निरूपण झाले आहे. दुसऱ्याविषयी स्पष्ट बोलणे अवश्य आहे.

प्रथम व्यवहार पाहू. मनुस्मृतीत व्यवहाराची अठरा पदे सांगितली आहेत. त्यांत संविद्-व्यतिक्रम, म्हणजे गाव किंवा संघ यांच्याशी शपथेने केलेला ठराव मोडणे, हे एक स्वतंत्र पद आहे. आणि लोभाने असा ठराव मोडणाऱ्यास राष्ट्रातून घालवून द्यावे, असे तेथे म्हटले आहे. १८७२ च्या करारविषयक कायद्यात करारास उभय पक्षांची मोकळी संमती लागते, आणि सामान्यतः मोबदलाही लागतो. याच कायद्याच्या ६३ व्या कलमात एक मार्मिक विचार आहे. वचनाची पूर्तता माफ करण्याचा अधिकार ज्याला वचन दिले त्याचा आहे. ऋणको कितीही विरक्त झाला तरी त्याच्या विरक्तीने कर्ज फिटत नाही. धनकोने सोडले तरच ते सुटते.

देवतेस बोललेला नवस हाही वस्तुतः करारच होय. 'इतके झाले तर इतके वाहीन' अशी त्याची अट असते. फळ मिळाले नाही तर वाहणे नाही. मार्गात देवताभक्तीचा जो निषेध आहे, त्याचा एक अर्थ येथे उलगडतो. जेथे मोबदला आहे तेथे अनन्यता नाही.

आता विवाह. नरेंद्रकवीच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'ची कथा वासनिकांच्या घरोघरी ठाऊक आहे. रुक्मीने आपली बहीण शिशुपालास देऊ केली. परंतु जे मन रुक्मिणीचे होते, ते रुक्मीने कसे द्यावे? तिने श्रीकृष्णचक्रवर्तींकडे निरोप पाठविला, यात तिने कोणाचेही वचन मोडले नाही. दुसऱ्याने दिलेले वचन तिचे नव्हतेच. यावरून विवाहाचे पहिले अंग ठरते. वचन ज्याचे त्यानेच द्यावयाचे असते. दुसरे अंग असे की, एकदा दिल्यावर ते एकट्याचे राहत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही, जेथे सप्तपदीचा विधी आहे तेथे, सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो असे मानले आहे. त्या पावलानंतर एकाच्या जीवनावर दुसऱ्याचा हक्क उत्पन्न होतो.

धर्मातील वचनाची रीत याहून निराळी आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात अर्जुनाला आपला प्रिय म्हणून प्रतिज्ञा करणारे स्वतः श्रीकृष्णच आहेत. येथे देणारा पूर्ण आहे, त्याला जीवाकडून काही मिळवावयाचे नाही. करारात एकाने वचन मोडले की दुसरा मोकळा होऊ शकतो. येथे मोडणारा असलाच तर तो जीवच. म्हणून येथे करार रद्द होत नाही, प्रमाद घडतो. आणि प्रमादावर अनुताप व प्रायश्चित्त हा उपाय आहे.

या दोन वचनांचा विरोध येतो तेथे खरा प्रश्न उभा राहतो. गृहस्थ अनुसरावयास निघाला, मागे स्त्री आहे, लेकरे आहेत. त्याने काय करावे? येथे कोणी शंका घेईल की, आचार प्रकरणात देशाचा, गावाचा आणि विशेषेकरून आप्तांचा संबंध त्याज्य सांगितला आहे. मग विचारावयाचे कोणास? समाधान असे की, त्याज्य सांगितला तो संबंध, म्हणजे जीवाचे ममत्व. 'माझे घर, माझी लेकरे' ही मिठी सोडावयाची आहे. परंतु लेकरांचा जो पित्यावर हक्क आहे, तो पित्याचा नव्हे. जे आपले आहे तेच त्यागता येते. दुसऱ्याचे जे आपल्याकडे आहे, ते टाकणे याला त्याग म्हणत नाहीत.

दुसरी शंका अशी की, सर्वज्ञांनीही घर सोडले होते. परंतु परमेश्वराची लीळा जीवाने स्मरावयाची असते, आणि त्यांचे वचन आचरावयाचे असते. ईश्वराच्या प्रवृत्तीचे अनुकरण जीवास विहित नाही. आणि ज्या मार्गात मनानेही परपीडा होऊ नये असे सांगितले, तेथे मागे टाकलेल्यांची उपासमार हिंसेत मोजली जाणार नाही काय?

हा विवेक लौकिक शास्त्रांनाही सुचला आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात स्त्रीपुत्रांची तरतूद न करता प्रव्रज्या घेणाऱ्यास दंड सांगितला आहे. १९५५ च्या कायद्याच्या १३ व्या कलमात, एकाने धर्मसंघात प्रवेश करून संसार सोडला असता दुसऱ्यास घटस्फोट मागता येतो. संन्यास घेतल्याने विवाह आपोआप मोडत नाही, आणि या आधारावर मोकळीक मागण्याचा अधिकार निघून गेलेल्याचा नसून मागे राहिलेल्याचा आहे. स्वामींच्या सन्निधानी स्त्रियांनाही अनुसरणाचा अधिकार होता. म्हणून हा नियम जसा पतीस, तसाच पत्नीसही लागू समजावा.

मग मागे राहणाऱ्याने संमती दिलीच नाही तर? तर थांबावे. उपजीविकेची सोय करावी, लेकरे हातातोंडाशी आणावी, आणि पुन्हा विनवावे. वाट पाहण्यात मुमुक्षूचे काही बुडत नाही. लौकिक कराराला मुदत असते. परमेश्वराच्या कृपेला मुदत नाही. उपदेश घेतलेला वासनिक घरी राहूनही नामस्मरण करू शकतो. देणे पुरते फेडूनही केवळ हट्टाने वाट अडविली जात असेल, तर त्याचा निर्णय मुमुक्षूने एकट्याने करू नये, कारण स्वतःच्या कामी मन लबाड साक्षी असते; तो आचार्यांपुढे ठेवावा. आणि आचार्यांनीही दीक्षेपूर्वी, 'तुला कोणी सोडले?' हे अवश्य विचारावे.

जो माणसास दिलेले वचन सहज टाकतो, त्याने परमेश्वरास दिलेले वचन किती दिवस टिकेल? ज्याने मागचे देणे फेडले, त्याच्याच हाती भिक्षेची झोळी निर्मळ राहते.

दंडवत प्रणाम.