खतं बुडवायची कुणी?



आज गीतेचा तिसरा अध्याय, श्लोक बारावा. यज्ञाने संतुष्ट झालेले देव तुम्हाला हवं ते देतील. पण त्यांनी दिलेलं त्यांना परत न देता जो स्वतःच भोगत बसतो, त्याला भगवंत सरळ चोर म्हणतात. शब्द कडक आहे. आपण तो नैवेद्य-दानधर्माला लावतो आणि पुढच्या श्लोकाकडे जातो. मला आज तो बिलांना लावून बघायचाय.

माझे एक मामा खामगावला वेल्डिंगचं वर्कशॉप चालवतात. पाच-सहा कामगार. कंपन्यांना ट्रॉल्या, रॅक, जाळ्या बनवून देतात. माल गेला, बिल गेलं, की वाट बघणं सुरू. ठरलेले असतात ४५ दिवस, होतात ९०, कधी १२०. तोवर लोखंडवाला थांबत नाही. मजुरांना बाजाराच्या दिवशी पैसे लागतात. आणि जीएसटी बिल फाडलं म्हणून भरायचाच, पैसे आलेले असोत की नसोत. मग मामी सोनं घेऊन पतसंस्थेत जाते. तिकडे मामांची ट्रॉली कंपनीच्या गोडाऊनमध्ये रोज माल वाहतेय. भोग चालू, परतफेड बाकी.

मी हिशोबाच्या सॉफ्टवेअरवरच काम करतो. तिथे या सगळ्यासाठी ‘क्रेडिट पीरियड’ नावाचा एक रकाना असतो, त्यात फक्त एक आकडा. त्या दिवसांचं व्याज कोण भरतंय, ते स्क्रीनवर दिसत नाही. मामी भरते.

कुणी म्हणेल, यात चोरी कसली? देणारच आहेत ना. पण ४५ दिवसांनंतरचा प्रत्येक दिवस मामांनी कबूल केलेला नाही, तो न विचारता घेतलेला आहे. (आणि ते ४५ तरी कसले कबूल! हात दगडाखाली असताना माणूस कशालाही हो म्हणतो.)

याहून अवघड आक्षेप आपल्या भक्तमंडळींकडूनच येतो. मामा माळकरी, खामगावहून शेगावला पायी जाणारे. अशा माणसाने पैशासाठी तगादा लावावा का? तुकोबांनी तर कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली!

बुडवली, हे खरं. पण ती धनकोने बुडवली. ऋणकोने नदीवर जाऊन बुडवली असती तर त्याला आपण वैराग्य म्हटलं नसतं. ‘पैसे बुडवले’ म्हणालो असतो. क्रियापद एकच आहे, हात कुणाचा ते बघायचं. आणि त्या कथेतला एक तपशील आपण फार पटकन ओलांडतो. तुकोबांनी सगळी खतं बुडवली नाहीत. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा आधी वेगळा काढून दिला आणि फक्त स्वतःचा वाटा पाण्यात सोडला. दुसऱ्याच्या वाट्यावर आपलं वैराग्य चालवायचा हक्क त्यांनीही घेतला नाही. मामांच्या बिलात तर मजुरांचा, लोखंडवाल्याचा, मामीचा वाटा आहे. तो सोडून देणं मामांच्याही हातात नाही, मग कंपनीच्या कुठून असणार? तेव्हा मागणं हा लोभ नाही, असं मला वाटतं. तुमच्यापैकी कितीतरी जण अशा खुर्चीवर आहात की एखाद्या लहान माणसाचं बिल तुमच्या अप्रूव्हलला पडून असेल. आज जप सुरू करण्याआधी ते एकदा उघडून बघाल?

कायदाही आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरातही नियम लागू झाला: मुदत चुकवली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळतो. मार्चमध्ये मामांना आता आपणहून फोन येतात, ‘तुमचं उद्यम सर्टिफिकेट पाठवा.’

व्याजाचं मी त्यांना सांगून पाहिलं. पोर्टलवर तक्रार करता येते, म्हटलं फॉर्म मी भरून देतो. मामा हसले. ‘तक्रार केली तं पुढची ऑर्डर कोन देईन बाप्पा?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फॉर्म अजून अर्धाच भरलेला आहे.

उद्या श्लोक तेरावा.