हापसा कुणाच्या दारात?

लहानपणी आजोळी हापशाच्या आवाजानं जाग यायची. आधी दांडा नुसताच खडखडायचा, चार-पाच हापसे कोरडे जायचे, मग आतून घरघर व्हायची आणि पाण्याची पहिली चूळ पडायची. ती कुणी भरून घेत नसे. तिनं कळशीचं बूड खंगाळायचं.

तो आवाज आठवला की मला जामखेड आठवतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथं आरोग्याचं काम मांडलं. दवाखाना हवाच होता, पण गावोगाव बसून बोलल्यावर लोकांच्या तोंडी औषधाआधी पाणी आलं. त्यातच १९७२ चा दुष्काळ. बोअर घ्यायच्या ठरल्या, तेव्हा बऱ्याच हापशांसाठी जागा निवडली ती दलित वस्तीतली. ज्या वस्तीकडं गावानं पाठ फिरवली होती, तिच्या दारात आता कळशी घेऊन जायचं! समतेवरची भाषणं ऐकून गाव टाळ्या वाजवतं आणि घरी जातं. इथं रिकाम्या कळशीला घरी जाता येत नव्हतं. जात त्यामुळं गेली, असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण रोज सकाळी कुणी कुणाच्या अंगणात उभं राहायचं, हे बदललं.

पुढं आरोग्यसेविकाही गावातल्याच बायका झाल्या. पुष्कळजणी निरक्षर, कितीतरी दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्या आठवड्याला जामखेडला येत, शिकत आणि परत जाऊन शेजारणीला सांगत. हगवण लागलेल्या पोराचं पाणी तोडू नको, उलट मीठ-साखर घालून पाजत राहा. शिकून आलेल्या नर्सबाईंचं जे गावानं ऐकलं नव्हतं, ते चुलीपुढं बसून सांगणाऱ्या या बाईचं ऐकलं. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंमागं अशा प्रयोगांची पुण्याई आहे, मानधनाच्या बाबतीत मात्र आपण ती विसरतो.

हे सगळं आज डोक्यात यायचं कारण म्हणजे आजोळची ग्रामसभा. आपल्याकडं ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांपैकी कमी असेल तो आकडा. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब करायची. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. कायद्याला गाव चांगलंच ठाऊक असावं. त्या दिवशी मात्र माणसं जमली होती, बायकाही होत्या. पुढच्या सतरंजीवर पुरुष, मागं भिंतीला टेकून त्या. पाण्याची नवी टाकी कुठं बांधायची, हा विषय सातवा होता. सहावा संपेतो बारा वाजले आणि बायका एकेक करून भाकऱ्या थापायला उठल्या. हंडा त्यांच्याच डोक्यावर असतो, पण टाकीची जागा ठरली तेव्हा भिंत मोकळी होती.

संध्याकाळी शिपाई इतिवृत्ताची वही घेऊन घरी आला. मामी परातीत पीठ मळत होती. तिनं मनगटानं पदर सावरला, हात लुगड्याला पुसला आणि त्यानं दाखवलेल्या ओळीवर सही केली. ठराव वाचला नाही, त्यानंही वाचून दाखवला नाही. वही मिटताना मला दिसलं, सातव्या ठरावावर पिठाचं बोट उमटलं होतं.