पांदणीवर चालेल ती सायकल

वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातलं धनज काळ्या मातीच्या मुलखात आहे. या मुलखात पावसाळ्यात सायकल मोडण्याआधी अडते. पांदणीतली ओली माती टायरला धरते, मडगार्डात ठासून बसते आणि चाक जागेवर थांबतं. मग काडीनं चिखल उकरायचा, नाहीतर सायकल खांद्यावर घ्यायची. भरवशाची सायकल म्हणजे कोणती, हा प्रश्न मला इथं उभं राहून विचारावासा वाटतो. कारण त्याचं उत्तर काळागणिक बदलत आलं आहे.

पहिलं उत्तर मजबुतीचं होतं. इंग्रजी रोडस्टरच्या नमुन्यावर आपल्याकडे हर्क्युलस, अ‍ॅटलस, हिरो या सायकली बनल्या. पोलादी सांगाडा, २८ इंची चाकं, सळईचे ब्रेक, मागे दणकट कॅरिअर. दुधाचे कॅन गेले, कडब्याच्या पेंढ्या गेल्या, डबलसीट माणसं गेली. पण तिचा भरवसा नुसत्या जाड लोखंडात नव्हता. छर्रे, आऱ्या, कॉटर बाजारगावात सहज मिळत आणि चाकाचा आऊट काढणारा मिस्त्री हाकेच्या अंतरावर असे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान सुरू केलं आणि पुढे ते लोखंडी नांगराकडे वळले. हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. यंत्र कुठे कमी पडतं, हे दुरुस्ती करणाऱ्या हाताला सर्वांत आधी कळतं.

जपाननं दुसरं उत्तर दिलं, अचूक मापाचं. ओसाकाजवळचं साकाई हे तलवारी आणि बंदुका घडवणाऱ्या कारागिरांचं जुनं शहर. तिथे १९२१ मध्ये शोझाबुरो शिमानो यांनी कारखाना काढला; पहिलं उत्पादन होतं फ्रीव्हील. १९६४ मध्ये सनटूर या जपानी कंपनीनं गिअर बदलणारं, तिरक्या रचनेचं डिरेलर आणलं. चेन लहान-मोठ्या दातेरी चक्रांवरून सरकताना चक्रांपासून डिरेलरचं अंतर जवळजवळ सारखं राही. त्याचं पेटंट १९८४ मध्ये संपलं. त्याच सुमारास शिमानोनं गिअरला ठरावीक खटके दिले आणि अंदाजानं दांडा सरकवण्याची गरज संपली. भरवसा आता वजनातून मापात आला. मात्र दांडा, तार, चेन, फ्रीव्हील सगळं एकमेकांशी जुळलं तरच खटका नेमका बसतो. एक भाग वेगळा पडला की सगळी साखळी बिघडते, आणि तो भाग गावात मिळत नाही.

तिसरं उत्तर मोकळ्या जागेचं. १९९० च्या दशकारंभी ब्रिजस्टोननं ‘एक्सओ-१’ ही सायकल काढली. डिझायनर ग्रँट पीटरसन यांच्या विचारातून आलेली ही सायकल डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठी होती. तिचा थोडाच खप झाला, पण विचार टिकला. शिमानोनं २०१९ मध्ये खास ग्रॅव्हल, म्हणजे खडीच्या कच्च्या वाटेवरच्या, सायकलींसाठी ‘जीआरएक्स’ हा गिअरचा संच आणला. रुंद टायर, कमी हवा, चढावर हलका पडणारा गिअर आणि टायर व सांगाडा यांच्यामध्ये सोडलेलं अंतर. या अंतरात मला सर्वांत मोठं शहाणपण दिसतं. तिथे लोखंड वाढवलेलं नाही, वाटेचा विचार वाढवलेला आहे.

मुरमाच्या वाटेवर ही रचना शोभते. काळ्या चिकट मातीत तेवढीही जागा पुरेल असं नाही, आणि धनजच्या शेतकऱ्याला परदेशी गिअर परवडणारही नाही. म्हणून तिन्ही उत्तरं एकत्र आणावी लागतील: कुठेही मिळणारे सुटे भाग, नेमकी मापं आणि चिखलाला वाट देणारा सांगाडा. राज्यात मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात; पांदण रस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. सायकल खरेदी करताना किमतीबरोबर टायरभोवतीची जागाही मोजली जावी, आणि ती मोजायला गावातला मिस्त्री बसवावा. भरवसा कारखान्यात अर्धाच घडतो. उरलेला अर्धा त्या वाटेची माहिती असणाऱ्या माणसाकडे आहे, आणि त्याला आराखड्याच्या कागदावर जागा मिळेपर्यंत ही सायकल पुरी होणार नाही.